माळ झाडणारा मोजणीदार

रोज दुपारी चार वाजता मोजणीदार हातात केरसुणी घेऊन कचेरीतून बाहेर पडायचा, आणि रोज कोणी ना कोणी त्याला टोकायचंच.

"काय मोजणीदार, आज माळावर पाहुणे यायचेत वाटतं?" सायकलवाला विचारायचा.

"झाडून झालं की जरा फरशीही पुसून या," इस्त्रीवाला म्हणायचा.

मोजणीदार हसून पुढे जायचा. रागवावं असं त्यात काही नव्हतं. माळ झाडणं हेच त्याचं काम होतं आणि सरकार त्याला त्याच कामाचा पगार देत होतं.

शहर जिथं संपायचं तिथं हा माळ सुरू व्हायचा. गुडघाभर पिवळं गवत, मधूनमधून काटेरी झुडपं आणि नजर पोचेल तिथवर सपाट जमीन. लोकांच्या लेखी तिथं काहीच नव्हतं. कचेरीच्या लेखी तिथं खोकडं होती. खोकड म्हणजे कोल्ह्याचं धाकटं भावंड. मांजराहून थोडं मोठं, लांब कान, झुपकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक काळं. दिवसभर ते बिळात झोपतं आणि उजेड मावळायला लागला की बाहेर येतं. उंदीर, सरडे, टोळ, जे सापडेल ते खातं. माणसाच्या वाटेला ते जात नाही, त्यामुळे माणसालाही त्याचा पत्ता नसतो. अशा प्राण्याची मोजदाद ठेवायची तर त्याच्या दारातच जाऊन बसावं लागतं.

मोजणीदाराची पद्धत अशी होती. बिळाच्या तोंडाशी चाळलेली माती हातभर पसरायची आणि केरसुणीनं ती इतकी सारखी करायची की मुंगी चालली तरी उमटावी. या मातीला कचेरीत 'पाटी' म्हणत. संध्याकाळी पाटी पुसून ठेवायची, सकाळी जाऊन वाचायची. माळावर अशी अकरा बिळं होती आणि प्रत्येक बिळाला तीन-चार तोंडं. मोजणीदार रोज एक-दोन बिळं धरायचा. दुसऱ्या कोणाला तिथं नुसती विस्कटलेली माती दिसली असती. तो मात्र उकिडवा बसून सांगायचा, की नर रात्रीत दोनदा आला, मादी एकदाच, पिल्लं आज पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर आली आणि एकाच्या पायात काटा मोडलाय.

पण नुसत्या पाटीवर सरकारचं समाधान नव्हतं. छापील तक्त्यात दोन रकाने होते. एक 'ठसे' आणि दुसरा 'प्रत्यक्ष दर्शन'. ठसे सकाळी घ्यायचे. दर्शन आदल्या संध्याकाळी, बिळापासून पन्नास पावलांवर बसून, स्वतःच्या डोळ्यांनी. दोन्ही रकाने भरले तरच ते बीळ 'वसलेलं' धरलं जायचं. खाली मोजणीदाराची सही.

आणि मोजणीदाराला संध्याकाळनंतर दिसत नव्हतं.

तिशीला टेकला तेव्हा हा प्रकार सुरू झाला. दिवसा त्याची नजर लख्ख होती. शंभर पावलांवरचा सरडा त्याला दिसायचा. पण सूर्य टेकला की डोळ्यांसमोर कोणीतरी करडं कापड धरल्यासारखं व्हायचं, आणि पाच-दहा मिनिटांत ते कापड काळं पडायचं. डॉक्टरनं सांगितलं होतं, रातांधळेपणा आहे, वाढायचा नाही पण जायचाही नाही. बायकोला ठाऊक होतं. ती संध्याकाळी घरातली वस्तू जागची हलू द्यायची नाही; आल्यागेल्यानं खुर्ची सरकवली तर बोलता बोलता पुन्हा जागेवर नेऊन ठेवायची. कचेरीत मात्र त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं. काढलं असतं तर दुसऱ्याच दिवशी त्याला टपालाच्या टेबलावर बसवलं असतं.

सुरुवातीची वर्षं निभावली, कारण तेव्हा तक्त्यात ठशांचा एकच रकाना होता. मग दर्शनाचा रकाना आला. त्याच महिन्यात कचेरीला जीप मिळाली, आणि जीपबरोबर ड्रायव्हर.

ड्रायव्हर तेव्हा तिशीतला, सडपातळ आणि तोंडाचा फटकळ. चौथ्याच दिवशी त्याला सगळं कळलं. अंधारून आलं होतं. मोजणीदार बसल्या जागेवरून उठला, जीप समजून भलतीकडेच गेला आणि हात पुढे करून चाचपायला लागला.

"साहेब," मागून आवाज आला, "ते झुडूप आहे. त्याला हॅन्डल नसतं."

ड्रायव्हरनं जवळ येऊन त्याचं कोपर धरलं, जीपपर्यंत नेलं, दार उघडून आत बसवलं. शहर जवळ आल्यावर तो म्हणाला, "किती दिवस झाले?"

"आठ वर्षं."

"आणि त्या नव्या रकान्यात काय लिहिता?"

"अजून काही लिहिलं नाही. चारही दिवस कोरे आहेत."

"उद्यापासून मी बघतो, तुम्ही लिहा. माझे डोळे घुबडासारखे आहेत. आई म्हणायची, तोंडही तसंच आहे."

एवढंच ठरलं. मोजणीदारानं त्याला तसाच घरी जेवायला नेलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "मला भाऊ नाही. आजपासून तू." ड्रायव्हरच्या तोंडात घास होता, त्यानं नुसती मान हलवली. तेव्हापासून तो तिला ताई आणि मोजणीदाराला भावजी म्हणायला लागला. चार वर्षांची मुलगी त्याला मामा म्हणायची, तिचं ऐकून मोजणीदारही मामाच म्हणू लागला, आणि होता होता तो साऱ्या कचेरीचाच मामा झाला.

माळावरचा संध्याकाळचा तो अर्धा तास मोजणीदाराला दिवसातला सगळ्यात आवडता. दोघं जीपच्या आडोशाला जमिनीवर बसायचे. मोजणीदाराच्या डोळ्यांपुढे काळं कापड आणि कानाशी मामाचा दबका आवाज.

"आलं. आधी कान. नुसतेच कान दिसताहेत, गवतात कोणी दोन पानं खोचून ठेवल्यासारखे."

"मग?"

"थांबा हो, त्याला तुमच्यासारखी घाई नाही. आता नाक आलं. आता निघालं सगळं. बसलंय. शेपटी पायांवर घेतलीय, म्हातारी मांडीवर शाल घेते तशी."

"नर की मादी?"

"नरच असणार. बायको कामाला गेलीय, पोरं बापाच्या अंगावर टाकलीत. तोंड बघा कसं झालंय."

"मामा."

"म्हणजे ऐका, कसं झालंय."

मोजणीदाराला तोंडावर हात दाबून हसावं लागायचं. हसू आवरलं की तो दर वेळी तोच प्रश्न विचारायचा, "किती?" मामा मोजून सांगायचा आणि मोजणीदार घरी जाऊन दिव्याच्या उजेडात आकडा लिहायचा.

खरं सांगायचं तर त्यानं जिवंत खोकड कधी पाहिलंच नव्हतं. चित्रात पाहिलं होतं, एकदा रस्त्यावर मेलेलं पाहिलं होतं. जांभई देणारं, पिल्लाचा कान चावून त्याला शिस्त लावणारं, टोळामागं उडी मारून तोंडावर आपटणारं जे खोकड त्याला माहीत होतं ते सगळं मामाच्या आवाजातलं. घरी आल्यावर तो ते बायकोला जसंच्या तसं सांगायचा, आणि सांगता सांगता त्याला वाटायचं, आपणच पाहिलं.

अशी एकोणीस वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. एकोणीस वह्या झाल्या.

मग मोटार कंपनी आली. कंपनीला गाड्यांच्या चाचणीसाठी लांबलचक ट्रॅक बांधायचा होता. जमीन सपाट, शहर जवळ, आणि वर काही नाही. मात्र नियम असा होता की जिथं वसलेली बिळं आहेत ती जमीन देता येत नाही. त्यासाठी सुनावणी लागली. मोठ्या साहेबांनी मोजणीदाराला खोलीत बोलावून सांगितलं, "आपल्याकडे दुसरं काही नाही. सगळं तुमच्या वह्यांवर आहे."

हे ऐकल्यापासून मोजणीदाराची छाती दोन बोटं वर आली होती. त्यानं एकोणीस वह्यांना नवी कव्हरं घातली, बिळावार कागदी पट्ट्या लावल्या, गोषवारा काढला. माळ राहणार की जाणार हे त्याच्या अक्षरावर ठरणार होतं. त्या धांदलीत मामाचं बोलणं आटलंय हे त्याच्या लक्षात आलं, पण त्यानं त्याचा अर्थ भलताच लावला. जीप त्या वर्षी भंगारात निघणार होती आणि नव्या गाडीची मंजुरी येत नव्हती. तीच काळजी असेल, असं त्यानं धरलं.

"मामा, तुमचं मी साहेबांच्या कानावर घालतो," तो एकदा म्हणाला.

"घाला," मामा म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळानं, "आलंय. दोन आहेत." कान नाही, नाक नाही, शाल नाही. नुसता आकडा.

सुनावणी सकाळी दहाला एका सभागृहात झाली. समोर अधिकारी बाई, शांत, हातात पेन्सिल. एका बाजूला कंपनीचे लोक, मागच्या बाकांवर कचेरीतले आणि गावातले. सायकलवालाही आला होता. कंपनीचा वकील मोठा गोड बोलायचा. पाटी कशी करतात, कशी वाचतात, हे त्यानं मोजणीदाराला इतक्या आस्थेनं विचारलं की मोजणीदार खुलून बोलला. वकील म्हणाला, "वा! असं काम मी पाहिलं नाही." मग म्हणाला, "एक-दोन छायाचित्रं दाखवायची आहेत. जरा पडदे ओढा, दिवे घालवा."

भिंतीवर माळाचं एक अंधुक चित्र उमटलं.

"यात तुमचं तीन नंबरचं बीळ कुठं येतं? जवळ जाऊन बोट ठेवा ना."

मोजणीदार उठला. चित्राचा चौकोन त्याला दिसत होता, पण त्याच्या आणि चौकोनाच्या मधे काय आहे ते काही दिसत नव्हतं. तिसऱ्या पावलाला खुर्ची पायात आली. चौथ्याला तो टेबलावर पडला आणि पाण्याचा जग खाली जाऊन फुटला.

"दिवे लावा," अधिकारी बाई म्हणाल्या.

वकिलानं स्वतः येऊन त्याला उठवलं. अंगावरचं पाणी झटकलं. मग हळूच विचारलं, "अंधारात तुम्हाला दिसत नाही, होय ना?"

विचारण्यात आश्चर्य नव्हतं. उत्तर माहीत असलेला माणूस विचारतो तसं त्यानं विचारलं. जगात ही गोष्ट तिघांना ठाऊक होती. डॉक्टर वारून सहा वर्षं झाली होती. बायको घरी होती. मोजणीदारानं मागच्या बाकाकडे पाहिलं. मामा स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"नाही दिसत," मोजणीदार म्हणाला.

"मग हा दर्शनाचा रकाना? एकोणीस वर्षं?"

मोजणीदाराच्या मनात तेव्हा काय आलं हे पुढे त्याला स्वतःलाच नवल वाटून आठवायचं. त्याला वाटलं, मामाच्या तोंडून निघून गेलं असेल. कोणी चहा पाजला असेल, गोड बोलून काढून घेतलं असेल. माणूस बोलून जातो. पण खोटं? खोटं तो बोलायचा नाही. म्हणून तो मोठ्यानं म्हणाला, "ड्रायव्हरनं पाहिलं आणि मी लिहिलं. चूक माझी आहे, मी हे लपवलं. पण पाहिलेलं खरं आहे. ड्रायव्हर इथंच बसलाय. त्याला विचारा."

मामाला पुढे बोलावून शपथ दिली.

"संध्याकाळी हे प्राणी तुम्ही पाहत होतात?" बाईंनी विचारलं.

मामानं घसा खाकरला. "अंधार असायचा, बाई. गवत हलायचं."

"प्राणी पाहिलेत का?"

"मी आपलं सांगायचो काहीतरी," मामा म्हणाला. "त्यांना बरं वाटायचं."

सभागृहात हशा पिकला. दुष्टपणाचा नव्हता तो. सिनेमात कोणी घसरून पडलं की लोक हसतात तसा होता. सायकलवाला मात्र हसला नाही. अधिकारी बाईंनी पेन्सिल आपटली आणि सांगितलं, कोणाला लेखी काही द्यायचं असेल तर पंधरा दिवसांत द्यावं.

बायको स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. तिनं सगळं ऐकलं.

"तोच म्हणाला? स्वतःच्या तोंडानं?"

"हो."

"तुमच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल."

"सत्तर माणसं होती गं."

ती पुन्हा चिरायला लागली. कांदा संपला तरी सुरी चालूच होती. मग ती म्हणाली, "आणि ते जांभई देणारं? पिल्लाचा कान चावणारं? तोंडावर आपटायचं ते?"

"माहीत नाही," मोजणीदार म्हणाला.

माळ जाईल याचं दुःख होतंच. पण त्या दिवशी त्याला बोचलं ते दुसरंच. एकोणीस वर्षं त्यानं जे मनात जपलं ते कोणीतरी दया येऊन मारलेल्या थापा होत्या का, हेच त्याला कळत नव्हतं.

रात्रभर तो जागा होता. सकाळी उजाडताच त्यानं वह्या काढल्या. कारण एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली होती. मामा सांगायचा ते संध्याकाळी, आणि तो स्वतः पाटी वाचायचा ती दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळी मामाला सकाळचे ठसे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तो मनानं सांगत असेल तर सकाळी कुठंतरी त्याचं बिंग फुटलंच पाहिजे.

चार दिवस नवरा-बायको समोरासमोर बसले. ती दर्शनाचा रकाना वाचायची, तो ठशांचा.

"दोन मोठी, तीन पिल्लं."

"दोन मोठी, तीन पिल्लं. पुढे."

"आज कोणी आलं नाही."

"पाटी कोरी. पुढे."

"चार पिल्लं. चौथं उजवा पुढचा पाय टेकत नाही."

मोजणीदार थांबला. स्वतःचंच अक्षर त्यानं डोळ्यांजवळ नेलं. "चार पिल्लं," त्यानं वाचलं. "एकाचा उजवा पुढचा पंजा उमटलेला नाही."

बायकोनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

हजारो नोंदींत फरक निघाला तो चाळीस-बेचाळीस ठिकाणी, आणि तोही एखाद्या पिल्लाचा. एवढा फरक डोळ्यांत तेल घालून बसलेल्यालाही राहतो.

"म्हणजे त्यानं पाहिलं होतं," ती म्हणाली.

"सगळं पाहिलं होतं."

क्षणभर दोघांनाही आनंद झाला. जांभई खरी होती, कान चावणं खरं होतं. मग तो आनंद हळूहळू बसत गेला. मामा माळावर एकदाही खोटं बोलला नव्हता. तो खोटं बोलला तो सभागृहात, शपथेवर, मोजणीदारानं स्वतः "त्याला विचारा" म्हटल्यावर. बिचाऱ्यानं थापा मारल्या असत्या तर एक वेळ हसून सोडून देता आलं असतं. यानं खरं पाहिलं होतं आणि ते पुसून टाकलं होतं.

मामा टायरच्या दुकानावर दोन खोल्यांत राहायचा. मोजणीदार दुपारीच गेला. आत दोरीवर नवा निळा शर्ट वाळत होता, खिशावर कंपनीचं चिन्ह.

"या भावजी, बसा."

"बसायला नाही आलो. एकच विचारायचंय. तुम्ही पाहिलं होतं की नाही?"

मामानं आधी दार लोटून घेतलं. "पाहिलं होतं. एकूण एक. तुम्हाला कधी खोटं सांगितलं नाही मी. आपल्या मुलीची शपथ."

"मुलीची नको. दोन ओळी लिहून द्या."

"ते नाही जमायचं."

"का?"

"का म्हणजे? जीप गेली भंगारात. या वयात मला कोण गाडी देणार? कंपनी सगळ्या ड्रायव्हरांवर प्रमुख म्हणून घेतेय. तुमचं काय, तुम्हाला टेबल मिळेल. मला काय मिळेल, स्टूल?"

"मला सांगायचं होतं."

"तुम्ही काय केलं असतं? साहेबांच्या कानावर घातलं असतं. साहेबांचा कान भरला एव्हाना."

मामा जवळ आला. त्याचा आवाज एकदम चढला. "आणि एक मी विचारू? एकोणीस वह्या आहेत ना? त्यात मी किती ठिकाणी आहे?"

मोजणीदार दोरीवरच्या शर्टाकडे बघू लागला.

"'ड्रायव्हरनं पाहिलं', असं एकदा तरी लिहिलंत? डोळे माझे, सही तुमची. मी कधी बोललो? नाही बोललो. तो वकील म्हणाला, कागदावर तर तुम्ही त्या माळावर गेलेलाच नाहीत. खरंच होतं त्याचं. जो गेलाच नाही तो काय बघणार?"

"ते आपण माझी नोकरी वाचवायला केलं होतं, मामा. मी घर दिलं तुम्हाला, बहीण दिली."

"ती ताईनं दिली. तुम्ही नाही."

मोजणीदार वळला. जिन्याला खिडकी नव्हती. भर दुपारीही तिथं अंधार असायचा. पहिल्याच पायरीला त्याचा पाय अडखळला, आणि लगेच त्याच्या कोपराखाली मामाचा हात आला. तोच हात, तशीच पकड. झिडकारून टाकावा असं मोजणीदाराच्या मनात आलं, पण झिडकारला असता तर तो तोंडघशी पडला असता.

"पायरी आहे," मामा म्हणत होता. "अजून एक. सांभाळून. आता रस्ता."

मोजणीदारानं मुदतीच्या आत सगळं लिहून दिलं. डोळ्यांचं, लपवल्याचं, ड्रायव्हरचं नाव न लिहिल्याचं, दोन्ही रकाने जुळवून काढलेला तक्ता. एकही गोष्ट त्यानं स्वतःच्या सोयीनं मांडली नाही. महिन्याभरानं आदेश आला. त्यात लिहिलं होतं, की ज्याने नोंदी केल्या त्याने प्राणी पाहिलेले नाहीत हे त्याला मान्य आहे, आणि ज्याने पाहिल्याचे तो म्हणतो त्याने ते नाकारले आहे. सबब दर्शनाच्या सर्व नोंदी रद्द, आणि एकही बीळ वसलेले धरता येत नाही. जुळवलेल्या तक्त्याबद्दल एक शब्द नव्हता. मोजणीदाराची नोकरी थोडी राहिली होती म्हणून त्याच्यावर काही कारवाई झाली नाही. त्याला टपालाच्या टेबलावर बसवलं.

माळाला कुंपण पडलं. यंत्रं आली, गवत गेलं, काळा रस्ता झाला. इस्त्रीवाला आता मोजणीदाराशी हवापाण्याचंच बोलायचा.

आठ-नऊ महिन्यांनी एका संध्याकाळी मोजणीदार ओसरीवरच्या खुर्चीत बसला होता. डोळ्यांपुढचं कापड नुकतंच काळं झालं होतं. एक गाडी येऊन थांबली. फाटक वाजलं. पावलं पायरीपाशी येऊन थबकली.

"भावजी."

मोजणीदार खुर्चीतून उठला नाही.

"आहेत अजून," तो आवाज म्हणाला. अगदी दबका, माळावर असायचा तसा. "कुंपणाच्या आतच. मोठ्या वळणाला जुन्या टायरांचा ढीग टाकलाय, त्याच्याखाली बीळ केलंय. काल मी गाडी बंद करून उभा राहिलो. आधी कान आले. मग बराच वेळ काही नाही. मग नाक. टायरावर चढून बसलं आणि शेपटी घेतली पायांवर."

मोजणीदाराला ते दिसत होतं. गोल काळा टायर, वर दोन कान, पायांवर ओढून घेतलेली शेपटी.

"पिल्लंपण आहेत," मामा म्हणाला, आणि थांबला.

मोजणीदाराच्या जिभेवर शब्द आला होता. तो तिथंच राहिला. आतून बायकोची पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मोजणीदारानं मान तिच्याकडे वळवली.

"कोण आहे गं?" त्यानं विचारलं.

तिच्या बांगड्यांचा आवाजही आला नाही.

"कोणी नाही," ती म्हणाली. "चला आत." तिनं त्याला धरून उठवलं, आत आणलं आणि दार लावून कडी घातली.

बाहेर बराच वेळ पावलं वाजली नाहीत. मग फाटक वाजलं, गाडी सुरू झाली आणि फारसा आवाज न करता निघून गेली. नवी गाडी होती. मोजणीदार दारालगत भिंतीला टेकून उभाच होता.

"किती आहेत म्हणाला?" त्यानं विचारलं.

"ते नाही सांगितलं," बायको म्हणाली.